प्रतिसाद: हाड वाढत नाही, सरकतं

वर दोघातिघांनी 'अंगठ्याशी हाड वाढतं, टोकदार चपला घातल्या की असंच होणार' असं लिहिलंय. अर्धं पटलं. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी दिसणारा तो उंचवटा म्हणजे बहुतेक वेळा नवं हाड नसतं. अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो, त्यामागचं तळव्यातलं लांब हाड उलट दिशेला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला सरकतं आणि सांधा टेंगळासारखा वर दिसतो. टोकदार चपलांनी ते बळावतं, पण पायाची ठेवण घराण्यातून येते. आमच्या आईने गिरगावातल्या चाळीत अख्खा जन्म साध्या सपाट चपलांवर काढला, तरी तिचे दोन्ही अंगठे तिरके. मावशीचेही तसेच.

माझी गोष्ट वेगळी. माझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. पावसाळ्यात घालायच्या मागून उघड्या, ढिल्या स्लिपर. दादरच्या पुलावर गर्दीत त्या निसटू नयेत म्हणून बोटं सतत आवळलेली, आणि ऑफिसचे बूट अर्धा नंबर लहान (सेलमध्ये मिळाले, मोह!). बोट मधल्या सांध्यात वाकलं, वर घट्टा आला. हाताने सरळ होत होतं म्हणून वाचले. सांधा ताठरल्यावर व्यायामाने सुटत नाही.

आता बूट संध्याकाळी घेते, तेव्हा पाय सुजलेले असतात. उभं राहून कागदावर पाऊल आखायचं, त्यावर बूट ठेवायचा. रेघ बाहेर दिसली की परत. बोटांमधल्या सिलिकॉनच्या गाद्यांनी घासणं थांबतं, पण वाकडा अंगठा सरळ होत नाही. दुकानदार काहीही सांगो.