मदत हवी आहे: टोकियोच्या आर्ट अॅक्वेरियममध्ये गोल्डफिशचे फोटो

जुलैअखेरीस टोकियोला जाणं होतंय. गिन्झा भागातल्या मित्सुकोशी या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये 2022 पासून असलेलं, गोल्डफिशच्या टाक्यांचं आर्ट अॅक्वेरियम म्युझियम बघायचंय. जपानी उन्हाळा आणि गोल्डफिश यांचं नातं एदो काळापासूनचं, त्यामुळे भेट याच मोसमात हवी.

अडचण प्रकाशाची आहे. हॉल अंधारा, दिवे सतत रंग बदलणारे. माझ्या कॅमेरा सेटिंगचा अंदाज: 35 मिमी लेन्स, एफ/1.8 छिद्र, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 3200, शटर 1/125 सेकंद. त्याहून हळू ठेवलं तर र्‍युकिन या गोल्डफिश जातीची लांब शेपटी पुसट येते. फार वेगवान ठेवलं तर एलईडीच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे पट्टे पडतात. लाल माशावर जांभळा प्रकाश आला की फोटोतला लाल रंगाचा चॅनेल आधी जळतो (मर्यादेबाहेर उजळ होतो) आणि खवले दिसेनासे होतात. म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल), एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश) एक्स्पोजर ठेवणार. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) नेत नाही: दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, वर अॅक्रिलिकवर इंद्रधनुषी डाग उमटू शकतात.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा:

रबरी लेन्स हूड टाकीला टेकवू देतात का? प्रतिबिंब टाळायचा तोच खात्रीचा उपाय, पण ओरखड्याच्या भीतीने अडवत असतील तर काळं कापड घेईन.

रांचू जातीचे गोल्डफिश वरून बघता येतील अशा उथळ टाक्या आहेत का? पाठीवर पर नसलेल्या या माशाची पैदास मुळात वरून बघण्यासाठीच झाली. बाजूने त्याची रुंद पाठ कळतच नाही.

आणि कामाच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते की संध्याकाळी उशिरा?