मुखवट्याआड भलताच माणूस: एमएफ डूमने चाहत्यांना फसवलं की नाही?

रात्रपाळी:
आधीच सांगतो, डूम माझा सगळ्यात आवडता रॅपर आहे आणि त्याच्यावर चिखलफेक करायला हा धागा काढलेला नाही, पण काल एका मित्राशी यावरून रात्री २ पर्यंत वाद झाला आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे मांडतोय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, डूम म्हणजे डॅनियल डुमिले, १९७१ साली लंडनमध्ये जन्मला, लहानपणीच अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वाढला आणि १९९९ च्या पहिल्या सोलो अल्बमनंतर लोकांसमोर यायचा तो धातूचा मुखवटा घालूनच. तर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शोला लोकांना शंका आली की हा तो नाहीच, अंगकाठी वेगळी आणि माईकसमोर नुसते हावभाव चाललेत, आवाज रेकॉर्डिंगमधून येतोय. पुढे आणखी शोजबद्दल हेच बोललं गेलं. चाहते या तोतयांना डूमबॉट म्हणायला लागले, कारण ज्या कॉमिकमधल्या डॉक्टर डूमवरून त्याने नाव घेतलं तो खलनायक पण स्वतःच्या जागी यंत्रमानव पाठवतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कर मासिकाने विचारलं तेव्हा त्याने हे नाकारलं पण नाही. म्हणणं असं की मी लेखक आहे तसा दिग्दर्शकही आहे, स्टेजवर कोणाला उभं करायचं ते मी ठरवणार, आणि माझ्या शोला बघायला नाही तर ऐकायला या.

मला नेमकं हेच खटकतं. चेहरा सोडा, शब्द ऐका, यासाठी मुखवटा, हे मला १००% पटतं. मग लोक ऐकायलाच आले होते ना, त्यांना ऐकायला काय मिळालं तर घरी आहे तीच सीडी. चेहरा लपवला ते ठीक, पण त्या रात्री आवाजच आणला नाही, म्हणजे जी एकच गोष्ट देतो म्हणाला तीच दिली नाही. याला कला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कॅसेटवाली:
नाही पटलं. तू गोष्ट २००७ पासून सुरू करतोयस, ती सुरू होते १९९३ ला. मुखवट्याच्या आधी हाच माणूस झेव्ह लव्ह एक्स नावाने उघड्या चेहऱ्याने रॅप करायचा, केएमडी म्हणून ग्रुप होता, त्यात धाकटा भाऊ सबरॉक पण होता, १९९१ ला इलेक्ट्रासारख्या मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम आला. दुसऱ्या अल्बमचं काम चालू असताना एप्रिल १९९३ मध्ये भाऊ रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला, १९ वर्षांचा पोरगा. याने एकट्याने अल्बम पुरा केला. मुखपृष्ठावर चित्र होतं, गोरे लोक काळ्यांची टिंगल करायला जे जुनं व्यंगचित्र वापरायचे ते फासावर लटकवलेलं, म्हणजे त्या टिंगलीलाच फाशी दिलीये, आणि हे समजायला काही फार अक्कल लागत नाही. पण त्यावरून ओरड झाली, कंपनी घाबरली, अल्बम बाहेर येऊच दिला नाही आणि यालाही सोडून दिलं. भाऊ गेला आणि वर्षभरात हातातलं कामही गेलं. मग काही वर्षं हा माणूस कुठे दिसलाच नाही. परत आला तो न्यूयॉर्कच्या एका कॅफेत ओपन माईकला, म्हणजे जिथे कोणीही उठून माईक घेऊ शकतो, तोंडावर बायकांचा पातळ स्टॉकिंग ओढून.

ज्याचा चेहरा एकदा वापरून फेकून दिला त्याने तो पुन्हा का द्यावा मला सांग. मुखवटा म्हणजे त्याने आखलेली सीमा होती, इथपर्यंत तुमचं, इथून पुढे माझं, आणि डूमबॉट ही त्याचीच पुढची पायरी. आमच्या कोकणात शिमग्याला संकासुर दारात येतो तेव्हा आत कोण आहे हे कोणी विचारत नाही, संकासुर आला एवढं पुरतं.

सातवी_ब:
ताई, संकासुराला आपण खुशीने काय द्यायचं ते देतो, तो आधी तिकीट फाडत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना. स्टेजवरचा डूम खोटा असेल पण लोकांनी दिलेले डॉलर खरेच होते. आणि अशा शोला येणारी बरीचशी कॉलेजची पोरं असतात, पैसे साठवून येतात. कंपनीने त्याला लुबाडलं म्हणून त्याने त्या पोरांना का लुबाडायचं, त्यांनी काय घोडं मारलं होतं त्याचं?

पूर्वरंग:
तुम्ही सगळे मूळ कारण विसरताय. त्याच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्वच नव्हतं, देशात येऊ देत नव्हते. मग शो कसे करणार, दुसरा माणूस पाठवण्यावाचून इलाजच नव्हता.

रात्रपाळी:
नाही, हे तारखांत बसत नाही. नागरिकत्व नव्हतं हे खरं, पण युरोपचा दौरा करून परत निघाला आणि अमेरिकेत प्रवेश नाकारला ते साल २०१०. सॅन फ्रान्सिस्को त्याच्या ३ वर्षं आधीचं, तेव्हा तो अमेरिकेतच होता. त्या बंदीचा मला मनापासून राग आहे, ज्या देशात अख्खं आयुष्य गेलं, भाऊ जिथे पुरला त्या देशाने दार लावलं, हा लंडनला अडकला आणि बायको-मुलं तिकडे, जवळजवळ २ वर्षं. पण ते दुःख २००७ च्या शोसाठी कारण म्हणून नाही वापरता येत.

पूर्वरंग:
बरोबर आहे, माझ्याकडून क्रम उलटा झाला. बाकी चालू द्या, वाचतोय.

विंगेतला:
रॅप मी फार ऐकत नाही, मुलामुळे डूमचे २ अल्बम ऐकलेत आणि आवडले. पण जवळजवळ २५ वर्षं नाटकाच्या विंगेत काढली आहेत म्हणून लिहितो. आमच्याकडे मुख्य नट आजारी पडला, गाडी अडकली तर बदली नट उभा राहतो, यात लाज कसलीच नाही, कधीकधी बदलीवालाच जास्त चांगला करून जातो. पण तिकीट खिडकीशेजारी फळा लागतो, आज अमुक यांच्या ऐवजी तमुक, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी प्रयोगाआधी घ्यावेत. एका दौऱ्यात निर्मात्याने तो फळा लावूच दिला नाही, हाऊसफुल होतं, म्हणाला पडदा वर गेल्यावर कोण उठून जातंय. खरंच कोणी गेलं नाही. मध्यंतरात एक आजोबा आत आले, सोबत आजी, हातात २ तिकिटांचे अर्धे तुकडे अगदी सरळ करून धरलेले, तालुक्याहून एसटीने आले होते ते खास त्या नटासाठी. ओरडले नाहीत, पैसेही मागितले नाहीत. म्हणाले, काम छान चाललंय हो पोराचं, पण आम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. डूमसाहेब मोठे कलाकार असतील, माझा प्रश्न एवढाच आहे की फळा का नाही लावला?

कॅसेटवाली:
काका, वाचून गलबलून आलं, खरंच. पण मला वाटतं नाटकातल्या बदली नटाची आणि याची जात वेगळी आहे. फळा लावला असता तर तो खेळच उरला नसता. डूम हे पात्र खलनायक आहे, त्याने स्वतःला पहिल्यापासून खलनायक म्हणवून घेतलं, किंग गिडोरा, व्हिक्टर व्हॉन अशी २-३ नावं घेऊन वेगवेगळे अल्बम काढले, म्हणजे आत नेमका कोण हा गोंधळ हीच त्याची गोष्ट होती. पुढे लोकांनाही ते कळलं. २०१९ ला लॉस एंजेलिसच्या एका फेस्टिव्हलमध्ये मुखवटा घालून एकजण आला, पब्लिक वेडं झालं, आणि निघाला कोण तर हॅनिबल बरेस हा कॉमेडियन. १२ वर्षांपूर्वी ज्यावर लोक भडकले होते ती आता गंमत झाली होती.

सातवी_ब:
ती गंमत झाली कारण तिथे शेवटी मुखवटा निघाला ना. लोकांना कळलं कोण होतं ते. तोच तर फरक आहे.

आठशेआठ:
थोडं कामाबद्दल पण बोला राव. मॅडव्हिलनी, म्हणजे डूमने मॅडलिब या संगीतकाराबरोबर केलेला अल्बम, आला मार्च २००४ ला, २२ ट्रॅक आणि सगळे मिळून ४६ मिनिटं, कोरस जवळजवळ नाहीच, गाणं रंगात येतंय तोवर संपतं. मॅडलिबने त्यातले बरेच बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या हॉटेलच्या खोलीत बनवले, जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलून वाजवणारा एक छोटा सॅम्पलर, एक पोर्टेबल टर्नटेबल, बस. आणि मग रेकॉर्ड यायच्या वर्षभर आधी डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, चोरीला जाऊन इंटरनेटवर आला. दुसरा कोणी असता तर तसाच छापून मोकळा झाला असता, डूमने काय केलं, गाणी पुन्हा म्हटली, आवाज खाली आणला, लय संथ केली, आधी जोशात म्हटलेलं तेच आता खुर्चीत मागे रेलून, घसा खरखरत, झोप पुरी न झालेल्या माणसासारखं. डेमो आणि अल्बम हेडफोनवर पाठोपाठ ऐका, शब्द तेच आहेत पण माणूस बदललाय. यमक तो ओळीच्या शेवटी ठेवून थांबत नाही, ओळीच्या पोटात ३-४ ठिकाणी पेरत जातो, आणि हे त्या संथ आवाजातच ऐकू येतं, जोशात नुसता गलका होतो. त्याचं खरं काम हे होतं. स्टेजवर कोण हलत होतं यावरून त्याला तोलायचं म्हणजे गवयाला त्याच्या फेट्यावरून तोलायचं.

रात्रपाळी:
आठशेआठ, तू लिहिलंस त्यातला शब्दन् शब्द मान्य, आणि म्हणूनच माझी तक्रार आहे रे. ज्या माणसाने एका आवाजासाठी गाणी पुन्हा म्हटली त्याला आवाज म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं. त्याच्या जागी दुसऱ्याने नुसते हात हलवले तर काय हरवतं हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नसणार.

आणि कॅसेटवाली, त्याच्या सीमेबद्दल तू म्हणालीस ते मी नाकारत नाहीये. २०१७ ला त्याचा १४ वर्षांचा मुलगा गेला. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो स्वतः गेला, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये, ४९ वर्षांचा, रक्तदाबाच्या औषधाची रिअॅक्शन आली असं नंतरच्या चौकशीत निघालं. बायकोने जगाला सांगितलं ते थेट ३१ डिसेंबरला. २ महिने आम्ही सगळे त्याचं नवीन काही येईल म्हणून वाट बघत होतो आणि तो नव्हताच, पण त्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही, ते त्यांचं घरचं दुःख होतं, आमचा त्यावर काय हक्क. तिकीट मात्र त्याने विकलं होतं. विकत घेणाऱ्याचा तेवढ्यापुरता हक्क राहतोच, आणि त्या रात्रीचे पैसे लोकांना परत द्यायला पाहिजे होते असं मला आजही वाटतं.

कॅसेटवाली:
पैसे परत द्यायला हवे होते, हे मान्य. फळ्याचं अजूनही नाही.