क्यू-सेव्हन की टुआरेग?

मिल्टन कीन्सहून:

नमस्कार मंडळी,
जुनी गाडी काढतोय, २०२१ च्या आसपासची वापरलेली डिझेल एसयूव्ही घ्यायची आहे. ऑडी क्यू-सेव्हन ४५ टीडीआय आणि फोक्सवॅगन टुआरेग व्ही-सिक्स टीडीआय, दोन्ही २३१ हॉर्सपॉवर. ऑडी बरीच महाग पडतेय. दोन्ही चालवून पाहिल्या, रस्त्यावर फारसा फरक कळेना. घरी आम्ही चौघं, उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात. नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजू का?

लीड्सहून उत्तर:

दादा, फरक कसा कळणार? दोन्हींचा सांगाडा एकच, एमएलबी इव्हो. दोन्ही स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यात तयार झालेल्या. तीन लिटरचं इंजिन, आठ गिअर आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्कही तेच. या सालच्या क्यू-सेव्हनला ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनाला विजेचा थोडा हातभार, आहे, टुआरेगला नाही. पण एवढ्यासाठी मी पैसे मोजणार नाही.

प्रश्न माणसांचा आहे. टुआरेग पाच जणांची, तिला तिसरी रांग येतच नाही. तुम्ही सहा. आई-बाबा आले की लेक डिस्ट्रिक्टला जाताना कुणीतरी घरी राहणार किंवा दोन गाड्या काढणार. आई-बाबा इतक्या लांबून येतात ते सगळ्यांनी एकत्र हिंडावं म्हणूनच ना? क्यू-सेव्हन घ्या, तिला तिसरी रांग आहे. मागे मुलांना बसवा, गुडघे दुखणाऱ्यांना तिथे चढवू नका. तिसऱ्या रांगेतही आयसोफिक्स, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायची सोय, आहे. मात्र ती रांग उघडली की डिकी जेमतेम ३०० लिटरची उरते. हीथ्रोहून मोठ्या बॅगा घेऊन सहा जण येणार नाहीत.

क्रॉयडनहून:

लीड्सच्या वहिनींचं पटलं, तरी एक विचारतो. रोजचं चालवणं किती? शाळा आणि वाणसामान एवढंच असेल तर यातली कुठलीच घेऊ नका. डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, साफ व्हायला गाडी तापून थोडा वेळ सलग पळावी लागते. दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत तो काजळीने तुंबतो आणि बदलायचा खर्च मोठा. लंडनच्या यूलेझची, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काची, काळजी नको, दोन्ही युरो-६ या प्रदूषणाच्या मानकात बसतात. युरो-६ नसलेल्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, ऑगस्ट २०२३ पासून आमच्या क्रॉयडनसकट लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (पालिका विभागांत).

अ‍ॅडब्लूची, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, टाकी रिकामी होऊ देऊ नका. संपलं आणि इंजिन बंद केलं, तर भरल्याशिवाय परत सुरू होत नाही. शिवाय इथल्या पार्किंगच्या खुणा साधारण ४.८ मीटर लांबीच्या असतात. टुआरेगच ४.८८, क्यू-सेव्हन तर पाच मीटरच्या वर. बहुमजली पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, मगच पैसे द्या.

मिल्टन कीन्सहून:

मनापासून आभार. ऑफिस बर्मिंगहॅमला, आठवड्यातून तीनदा एम-वन आणि एम-सिक्स हे मोटरवे, म्हणजे फिल्टरला व्यायाम होईल. टुआरेग मनात भरली होती, तिचा मोठा पडदा मुलांना फार आवडला. पण सहा जणांचं गणित तिच्यात बसत नाही. क्यू-सेव्हनच बघतो, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली. शनिवारी एक पाहायला जातोय, मुलांनाच मागच्या रांगेत बसवून चक्कर मारीन.

बॅगांसाठी छतावर लावायची पेटी कुणाकडे पडून असेल तर कळवा. आई-बाबा जूनमध्ये येतायत.