लेट्यूसवरचा मावा: तीन औषधांची तुलना कशी करावी?

प्रश्न
आइसबर्ग लेट्यूस, ३० × ३० सेंमी, लावून महिना झाला. मावा गड्ड्याच्या आतल्या पानांत शिरलाय. फ्लोनिकॅमिड ५० टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणे), अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीटकनाशक) १०,००० पीपीएम, म्हणजे १ टक्का, आणि पोटॅशियम साबण यांची आपल्याच वाफ्यांत चाचणी घ्यायची आहे. वाफे किती, मिश्रण किती, मोजणी कधी?

उत्तर १
साध्या पाण्याची फवारणी हा चौथा प्रकार धराच. प्रत्येकाचे चार, म्हणजे ३ × २ मीटरचे १६ वाफे. मावा बहुधा बांधाकडून येतो, म्हणून बांधाला समांतर चार पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार चिठ्ठ्या टाकून बसवा. हेक्टरी ५०० लिटरच्या हिशेबाने वाफ्याला ३०० मिली. चार वाफ्यांसाठी दीड लिटर कालवा. फ्लोनिकॅमिड लिटरला ०.३ ग्रॅम धरलं तर ०.४५ ग्रॅम लागेल. घरच्या काट्यावर ते मोजता येत नाही, ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. पाण्याचे वाफे आधी फवारा, प्रत्येक औषधानंतर पंप धुवा. साबणाला जड पाणी चालत नाही, साका धरतो.

उत्तर २
फवारणीआधी, मग १, ३, ७ आणि १४ दिवसांनी मोजा. गड्डा कापून पान न् पान उलगडावं लागतं, वरवर पाहून आतला मावा कळत नाही. दर वेळी मधली पाच झाडं.

इथेच बहुतेक चाचण्या फसतात: फ्लोनिकॅमिडने माव्याचं रस शोषणं लवकर थांबतं, पण तो पानावर काही दिवस जिवंत दिसतो. पहिल्याच दिवशी निकाल लावला तर चांगलं औषध नापास होईल. साबणाचं उलटं. भिजलेला मावा मरतो, फवारा वाळला की परिणाम संपला, आणि गड्ड्यात तो पोचतच नाही. फुगलेले तपकिरी मावे वेगळे मोजा. ते परजीवी गांधीलमाशीने मारलेले असतात.

प्रश्नकर्ता
इतकी झाडं पुरतील?

उत्तर २
पुरतील. वाफ्यात ६० बसतात, कडेची ओळ सोडून ३२ उरतात, लागतात २५ (पाच मोजण्या × पाच झाडं).

उत्तर ३
मावा किती टक्के घटला ते हेंडरसन-टिल्टन सूत्राने काढा; ते औषधाच्या वाफ्यातली घट पाण्याच्या वाफ्याशी ताडून पाहतं. औषधाच्या वाफ्यात ८० चे १२ झाले की ८५ टक्के वाटतं. पण पावसाने पाण्याच्या वाफ्यातही ६० चे ३० झाले असतील, तर (१२ × ६०) ÷ (८० × ३०) = ०.३, म्हणजे ३० टक्के मावा उरला, खरा परिणाम ७० टक्केच.

आणि ज्या औषधाला लेट्यूससाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापराची लेबलवरची मंजुरी) नाही, त्या वाफ्यांतला माल विकू नका, जनावरांनाही घालू नका.