१९०१ चा मिशिगन संघ: एकही पॉइंट दिला नाही?

प्रश्न: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वाचतोय, १९०१ च्या सीझनमध्ये मिशिगनने ११ मॅचमध्ये ५५० पॉइंट केले आणि समोरच्यांना शून्य, हे खरंच झालंय का? कसं काय जमलं?

उत्तर १: हो खरंय. कोच फील्डिंग योस्टचं ते तिथलं पहिलंच वर्ष, एक प्ले (म्हणजे एक चाल) संपला की लगेच पुढचा, समोरच्याला दम घ्यायलाच वेळ नाही. बफेलोला १२८-० ने हरवलं! आणि तेव्हा टचडाउनला (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) ५ च पॉइंट होते हं.

उत्तर २: फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) ही नव्हता, तो १९०६ ला आला, म्हणजे सगळं पळून आणि रेटून. पहिल्या रोझ बोलमध्ये (सीझनच्या शेवटची खास मॅच) समोरचे स्टॅनफर्ड ४९-० ने मागे पडले आणि वेळ संपायच्या आधीच थांबले. मला तरी डिफेन्सच जास्त भारी वाटतो.