जेंटल योगाच्या क्लासला नेमकं काय करायला लावतात?

गुडघा_कुरकुरे:
नमस्कार मंडळी. वय ५६, आयुष्यभर बँकेत खुर्चीवर बसून काम, व्यायामाशी संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता. उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. सोसायटीजवळ एक मॅडम सकाळी 'जेंटल योगा'ची बॅच घेतात, बायकोने मला न विचारता नाव घालून टाकलंय आणि सोमवारपासून जायचंय. इथे मांडी घालून जेवायला बसलो तर उठताना टेबल धरावं लागतं, तिथे जाऊन मी करणार काय? कपडे कोणते, नाश्ता करून जायचं का, सगळ्या बायकाच असतात का, आणि जमलं नाही तर हसतात का, कुणी जात असेल तर सांगा प्लीज. यूट्यूबवर बघायला गेलो तर जो तो पाय मानेवर टाकून बसलाय.

ठाणेकर_काकू:
हसत कुणी नाही हो, अर्ध्या क्लासचं लक्ष स्वतःच्याच कंबरेकडे असतं 😄 आमच्याकडे सुरुवातीला नुसतं शांत बसतात, तीनदा ओंकार, मग पायाच्या बोटांपासून सुरू, घोटे, गुडघे, मनगटं, खांदे सगळं हळूहळू फिरवायचं. मग ताडासन (हात वर ताणून सरळ उभं राहणं) वगैरे उभ्याने, मग पाठीवर झोपून एकेक पाय पोटाशी घ्यायचा, सेतुबंध (गुडघे दुमडून कंबर वर उचलायची), मग पालथं होऊन मकरासन (पालथं पडून आराम) आणि शेवटी शवासन, म्हणजे पाठीवर निवांत पडून राहणं. पाय पोटाशी घेताना कधी कुणाकडून आवाज येतो, सगळे ऐकलंच नाही असं दाखवतात, तुम्हीही तेच करा. पुरुष कमी असतात हे खरंय, पण आमच्याकडे दोन-तीन आजोबा आहेत आणि सगळ्यात आधी सतरंजी टाकून बसलेले तेच असतात. ट्रॅक पँट आणि जरा लांब टीशर्ट घाला, वाकल्यावर वर सरकत नाही. जीन्स नको. मॅट नसली तर जाड चादर चालते, फक्त गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून उभ्याची आसनं अनवाणी, चादरीच्या बाहेर.

सदाशिवपेठी:
मांडी जमत नाही यासाठी घाबरू नका, खुर्ची मागून घ्या. यात कमीपणा काही नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे त्यांनी पट्टे, लाकडी विटा, लोड, घड्यांची ब्लँकेटं, भिंतीतले दोर, घडीच्या लोखंडी खुर्च्या असं सगळं आसनांसाठी वापरायला लावलं, १९७५ ला पुण्यातच त्यांची योग इन्स्टिट्यूट झाली तिथे आजही परदेशातून लोक हेच शिकायला येतात. म्हणजे जे शरीर वाकत नाही त्याच्यापर्यंत जमीन वर आणायची. वज्रासनात मांडी आणि पोटरीच्या मध्ये ब्लँकेटची घडी ठेवली की गुडघा एवढा दुमडत नाही, तरी दुखलं तर वज्रासन सोडून द्या, काही बिघडत नाही. आता दुसरी बाजू. जेंटल म्हणजे आराम असं समजून जाऊ नका. भिंतीशी उभं राहून वृक्षासनात (एका पायावर) नुसतं टिकायचं तरी पोटऱ्या थरथरतात, आणि हळू करायचं म्हटलं की झटका मारून वेळ मारून नेता येत नाही. धावण्याची मॅरेथॉन करणारा माझा भाचा यातच घामाघूम झाला होता.

बिनधास्त_नाशिक:
एवढं कशाला, घरी रोज सकाळी दणकून कपालभाती करा, बीपीची गोळी आपोआप सुटेल. क्लासची फी वाचेल.

फिजिओ_ताई:
@बिनधास्त_नाशिक असं सरसकट सांगू नका. बीपी असलेल्याला जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोरात श्वास घेणं-सोडणं) किंवा श्वास रोखून कुंभक करायला लावत नाहीत, आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कमी करायची नसते.

@गुडघा_कुरकुरे पहिल्या दिवशी पाच मिनिटं आधी जा आणि मॅडमना गुडघा, बीपी, कुठलं ऑपरेशन झालं असेल तर ते, सगळं सांगा. काचबिंदू असेल तर खास सांगा, कारण डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यांवरचा दाब वाढतो. त्यांनी स्वतःहून काहीच विचारलं नाही आणि सगळ्यांना एकच माप लावलं तर दुसरी बॅच बघा, माझं स्पष्ट मत. मांडीच्या मागे ताण जाणवला तर ठीक, पण सांध्याच्या आत टोचलं, चमक आली, मुंग्या आल्या की तिथेच थांबा, शेजारचा किती वाकलाय ते बघू नका. पोट हलकं हवं, पोटभर जेवणानंतर साधारण तीन-चार तास जाऊ द्यायचे, सकाळी पाणी किंवा अर्धा कप चहा चालेल. शवासनातून उठताना आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, मग उभे राहा. बीपीच्या गोळीवर एकदम उठलं की गरगरतं.

गुडघा_कुरकुरे:
सगळ्यांचे आभार, खुर्चीचं ऐकून बरं वाटलं. एकच राहिलं, शवासनात झोप लागली तर? मी घोरतो, बायको साक्षीला आहे.

ठाणेकर_काकू:
आमचे आजोबा रोज घोरतात. बाई त्यांच्या पायाला हळूच हात लावतात, ते "जागा आहे" म्हणतात आणि परत घोरतात. भिंतीकडची जागा पकडा, आधारालाही बरी पडते.