डीजे म्हटलं की गावात ट्रॉली दिसते: रेडिओवर गाणी लावणाऱ्याला काय म्हणावं? (गप्पांचा धागा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पऱ्हाटी
अमेरिकेतल्या एका लहान गावच्या रेडिओ केंद्रावरचा आठवणीवजा लेख मराठीत आणते आहे. वाचणारे पांढरकवडा-घाटंजीकडचे, गावच्या वाचनालयातले. दोन जागी गाडी अडली.

पहिली जागा, 'डीजे'. कच्च्या खर्ड्यात सरळ लिहिलं होतं, 'गावचा डीजे दुपारभर गाणी लावायचा.' वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न: 'लग्न कोनाकडचं होतं?' आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नाहीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले बॉक्स, मागे जनरेटर, पुढे लाइटी. डीजे सांगतात, डीजे येतो, डीजे पोलीस अडवतात. माणूस असलाच तर तो 'डीजेवाला'.

दुसरी जागा: मूळ लेखात ते केंद्र रोज दिवस मावळताना थांबतं. 'बंद पडलं' लिहावं तर बिघाड वाटतो, 'बंद झालं' लिहावं तर कायमचं टाळं लागल्यासारखं.

निवेदक, उद्घोषक, आरजे (रेडिओ जॉकी)... काय घ्यावं?

मास्तर
निवेदक. यात चर्चेला जागा कुठे आहे? विद् म्हणजे जाणणे, निवेदन म्हणजे जाणवून देणे. उद्घोषक हा हिंदीतून आलेला पाहुणा. जोडाक्षराची कसरत करून माणूस नुसतं गाण्याचं नाव सांगतो, त्याला 'घोष' कसला? आणि 'आरजे' हे तर दोन सुटी अक्षरं, शब्दच नव्हे.

खारपाणपट्टा
मास्तर, आमच्या इकडे निवेदक म्हनजे तहसीलवर निवेदन देनारा. पीकविम्याचे पैसे आले नाई का चार निवेदक साहेबाच्या टेबलापुढे उभे. पऱ्हाटीताईच्या लेखात 'निवेदक दुपारभर बोलत होता' असं लेहलं तं लोकं म्हनतीन, साहेबानं आयकलं का नाई?

मास्तर
अर्जाचं निवेदन आणि कार्यक्रमाचं निवेदन यांत संदर्भ फरक करतो. गणपतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्यालाही निवेदकच म्हणतात, तिथे कोणी तहसीलदार शोधत नाही.

फेडर
दोघेही कामाकडे न बघता शब्दाकडे बघताय. आकाशवाणीवरचा निवेदक आणि अमेरिकेतला डिस्क जॉकी, म्हणजे मूळचा डीजे, यांचं काम एक नव्हे, म्हणून शब्द बसत नाही.

आकाशवाणीत गाण्यांची निवड आधी व्हायची. कोणतं गाणं कितव्या मिनिटाला, गायक, संगीतकार, तबकडीचा क्रमांक, लांबी, सगळं क्यू-शीटवर लिहून यायचं. निवेदकानं ते वाचायचं, गाणं सोडायचं, वेळ जुळवायची. पदरचं बोलायची मुभा फार थोडी. तिकडच्या लहान केंद्रावरचा माणूस बहुतेक वेळा एकटाच: तबकडी तोच निवडणार, तोच लावणार, जाहिरात तोच वाचणार, मध्ये मनाला येईल ते तोच बोलणार. निवड हातात असल्यानंच तबकडी कंपन्या त्यांना पैसे चारायच्या. 1959-60 साली त्यावर अमेरिकी संसदेत चौकशी झाली. आपल्या निवेदकाला लाच देऊन उपयोग काय, यादी त्याची नाहीच!

तेव्हा निवेदक म्हटलं की निवड जाते आणि आरजे म्हटलं की तबकडी जाते. आरजेसमोर संगणक असतो, गाणी आधीच रांगेत लागलेली.

झाडीपट्टी
मग शब्दशः करा की. जॉकी म्हणजे स्वार. 'तबकडीस्वार'! 😀

खारपाणपट्टा
जॉकी हा आपलाच शब्द हाये. जोखने वरून. शर्यतीच्या आधी घोड्यावरच्या मानसाले काट्यावर जोखतात का नाई? जोखला तो जॉकी.

मास्तर
जोखतात हे खरं, बाकी कल्पनाविलास. इंग्रजीत 'जॅक'चं स्कॉटिश रूप 'जॉक', त्याचं लाडकं रूप 'जॉकी'. म्हणजे आपल्याकडचा 'बाळ्या', 'पोऱ्या'. घोड्याकडचा पोऱ्या, मग घोडेस्वार, मग तबकडीवाला.

खारपाणपट्टा
मंग 'तबकडीपोऱ्या' म्हना. झाडीपट्टीच्या स्वारापेक्षा बरं.

पऱ्हाटी
फेडरदादा, तबकडी 'लावणं' म्हणजे नेमकं काय करायचे? मूळ लेखात तो माणूस बोलता बोलता एका हातानं तबकडी उलटी फिरवतो असं एक वाक्य आहे. मला वाटलं चूक असावी.

फेडर
चूक नाही. त्याला 'क्यू करणे' म्हणतात. याला मराठी शब्द मी कधी ऐकला नाही.

फिरत्या तबकड्या दोन असतात. एकीवर गाणं चालू असताना दुसरी तयार करायची. सुई पहिल्या खाचेत टेकवायची, फेडर (आवाज बाहेर सोडायची खिट्टी) बंद, आवाज फक्त आपल्या हेडफोनवर. बोटानं तबकडी सावकाश पुढे न्यायची. पहिला सूर 'घ्र्र' असा लागला की थांबायचं आणि तिथून उलट्या दिशेनं साधारण अर्धा फेरा मागे. कारण मोटर सुरू झाल्याबरोबर पूर्ण वेग येत नाही. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला 1.8 सेकंद घेते, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात 0.9 सेकंद मिळतात. तेवढ्यात वेग आला पाहिजे. कमी मागे घेतली तर गाण्याचा पहिला सूर खालून वर घसरत येतो, रडका. जास्त मागे घेतली तर बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये खड्डा पडतो.

लाडक्या गाण्यांच्या सुरुवातीला सस्स असा आवाज येतो, तोही याचाच परिणाम. पहिली खाच सुईनं पुन्हा पुन्हा मागेपुढे घासून निघालेली असते. 78 च्या 10 इंची तबकडीत तर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, म्हणजे तीन मिनिटांत दुसरी तयार हवी, शिवाय बोलायचंही आहे.

मास्तर
'क्यू'ला 'सज्ज करणे' आहे.

फेडर
तबकडी सज्ज होते, मान्य. मागे घेणं त्यात कुठे आलं?

झाडीपट्टी
पऱ्हाटीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: 'सभा'. आकाशवाणीचं दिवसाचं प्रसारण सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभांत वाटलेलं. 'ही सभा इथे समाप्त होत आहे' असं सांगून केंद्र थांबायचं. तुमच्या लेखात 'दिवस मावळताना केंद्राची सभा संपायची' एवढंच लिहा. ना बिघाड, ना टाळं.

पऱ्हाटी
वा! पण ज्यानं आकाशवाणी ऐकलीच नाही त्याला सभा म्हणजे निवडणुकीची वाटणार नाही ना? आणि ते संध्याकाळीच का थांबायचं, हे तळटीपेत द्यायचं आहे.

सोल्डर
ते मी सांगतो. अमेरिकेत बऱ्याच लहान केंद्रांना फक्त दिवसाचाच परवाना असायचा. मिडीयम वेव्हला दिवसा आणि रात्री वेगळा नियम लागतो. दिवसा उन्हानं वातावरणाचा वरचा एक थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो, म्हणून जमिनीलगत जाईल तेवढंच केंद्र ऐकू येतं. सूर्य बुडाला की तो थर विरतो, त्याच्याही वरचा थर लहरी परत खाली फेकतो, आणि दूरदूरची केंद्रं एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून लहानांनी रात्री गप्प बसायचं.

आपल्याकडे हेच उलट्या बाजूनं दिसतं. नागपूर 'अ' 585 किलोहर्ट्झवर, 300 किलोवॅट, म्हणून वऱ्हाडात दिवसाही लागते. रात्री सिलोनपासून पार कुठलीही केंद्रं एकात एक. नागपूरलाच 1566 वर 1000 किलोवॅटचं प्रक्षेपण होतं, राष्ट्रीय वाहिनीचं, 1988 पासून, तेही रात्रीसाठीच. रात्री कमी केंद्रांत सगळा देश झाकता येतो.

आता माझा मुद्दा. तुम्ही सगळे 'लावणारा' शोधताय. गावात क्रियापद 'लागते' हे आहे. टेशन लागते, धरते, खेचते. तिन्ही वेगळे. 'लागते' म्हणजे ऐकू येते. 'धरते' म्हणजे लागल्यावर सरकत नाही. 'खेचते' हे सेटचं कौतुक: 'हा रेडिओ लय लांबचं खेचते'.

खारपाणपट्टा
बराबर. अन् 'टेशन सरकलं' म्हनलं का सेटचा दोष.

सोल्डर
सेटचा दोष दर वेळी नसतो. तीन गोष्टी लोक 'सरकलं'मध्येच टाकतात.

एक, काटा सरकतो. बटन फिरतं पण काटा हलत नाही किंवा चुकीचा आकडा दाखवतो. तो दोऱ्याचा दोष. बटनाच्या दांडीवर दोन-तीन वेढे, मग गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या कंडेन्सरच्या) चाकावर, चाकात लहान स्प्रिंग ताण धरते. स्प्रिंग सैल झाली किंवा दांडीला तेल लागलं की दोरा घसरतो. दांडी पुसून चिमूटभर राळ लावली की धरतो. तेल मात्र कधीच घालायचं नाही, आणि नेमकं तेच घालतात.

दोन, आवाज आधी बसतो, मग फाटतो, मग स्टेशनच गायब होतं पण सूं-सूं चालू राहते. ते सेल उतरल्याचं लक्षण. व्होल्टेज पडलं की आतला ऑसिलेटर (स्टेशन धरायला लागणारी लहर तयार करणारा भाग) थांबतो, पुढचा भाग तेवढा जिवंत राहतो. सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ चालतात, हे खरं आहे, पण जस्ताचं भांडं आधीच खाल्लेलं असतं. असे सेल आत विसरले की पाणी सुटून स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर चढतो.

तीन, रेडिओ फिरवला की स्टेशन जातं. आत काळी फेराइटची कांडी असते, तोच आतला अँटेना, तिची कूस केंद्राकडे हवी. टोक केंद्राकडे गेलं की आवाज मरतो. रेडिओ खिडकीत 'आडवा' ठेवायचा की 'उभा' यावर घरोघरी भांडणं होतात ती एवढ्यासाठी.

मास्तर
हे सगळं उपयुक्त आहे, पण शब्दचर्चा कुठे गेली?

सोल्डर
मास्तर, शब्दच सांगतोय. 'खरखर' घ्या. तुम्ही एकाच शब्दात तीन रोग भरता. बटन फिरवताना येते ती खरखर, व्हॉल्यूमच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ असते, दोन थेंब स्पिरिट टाकून बटन दहा-वीस वेळा फिरवलं की जाते. वीज चमकताना येते ती कडकड, तिला औषध नाही. एलिमिनेटर (सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारा डबा) लावल्यावर येते ती भुणभुण, आतला 1000 मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर सुकलेला असतो. 'शिट्टी' अजून वेगळी, शेजारच्या दोन केंद्रांची टक्कर, आपल्याकडे केंद्रांत 9 किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात म्हणून ती तेवढ्या बारीक सुरात येते. माझ्याकडे येणारा माणूस 'भुणभुण करते' म्हणाला की निम्मं निदान बाहेरच होतं.

झाडीपट्टी
एलिमिनेटर! वस्तू सेलला हद्दपार करते म्हणून 'हद्दपारक'. मास्तर, हा घ्या शुद्ध शब्द.

मास्तर
थट्टा करा, पण 'नभोवाणी' हाही एकेकाळी थट्टेचाच वाटला असेल. 'नभोनाट्य' आजही टिकून आहे. वापरला की शब्द रुळतो.

फेडर
नभोनाट्य टिकलं, नभोवाणी मात्र 'आकाशवाणी'पुढे टिकली नाही, आणि आकाशवाणी हे एका संस्थेचं नाव होऊन बसलं. खाजगी केंद्राला कोणी आकाशवाणी म्हणत नाही, त्याला 'एफेम'. शुद्ध शब्दाला मालक मिळाला की तो सामान्य नाम राहत नाही. अमेरिकेतल्या केंद्राला तर पऱ्हाटीताई 'आकाशवाणी' म्हणूच शकत नाहीत.

सोल्डरभाऊंच्या 'लागते'मधून एक वाट दिसते. 'गाणं लागलं' यात लावणारा कोणी नाही. 'गाणं लावलं' यात आहे, पण तो घरात बटन फिरवणाराही असू शकतो. केंद्रावरच्या माणसाचं क्रियापद तिसरंच: ऐकवणे. 'आता ऐकू या', 'ऐकवत आहोत'. नाम कशाला शोधता? 'दुपारभर गाणी ऐकवणारा' लिहा.

पऱ्हाटी
हे आवडलं. पण लेखात तो शब्द एकवीस वेळा आहे. एकवीस वेळा 'गाणी ऐकवणारा' कसं लिहू?

मास्तर
म्हणून म्हणतो, निवेदक.

खारपाणपट्टा
दवंडीवाला लिवा. गावातला कोतवालबी हलगी वाजवून मंगच बोलते. आधी वाजवनं, मंग सांगनं. कामबी तेच.

फेडर
कोतवाल निवड करतो का? ग्रामपंचायतीनं दिलं तेच ओरडतो. तो आकाशवाणीचा निवेदक झाला, अमेरिकेतला डीजे नाही.

झाडीपट्टी
पहिल्यांदा 'रेडिओवरचा डीजे' लिहा, पुढे नुसतं 'डीजे'. ट्रॉली एकदाच येईल आणि निघून जाईल.

खारपाणपट्टा
ट्रॉली निघून जात नाई भाऊ, घरापुढे तासभर थांबते.

पऱ्हाटी
तूर्त पहिल्या पानावर 'गाणी ऐकवणारा' आणि पुढे 'रेडिओवाला' असं करून बघते. सभा मात्र पक्की.

सोल्डर
'रेडिओवाला' म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीवाला. 🙂 कोणाकडे जुन्या टेबल सेटचं दोऱ्याचं चित्र आहे का? चाकावर वेढे उजवीकडून की डावीकडून? एक सेट दारात पडला आहे, काटा उलटा पळतो.